अकलोलीच्या पाण्यातली खुर्ची

त्या वर्षांत माझं काम म्हणजे लोकांना हसू नका म्हणून सांगणं. भिवंडीत एस.टी. स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी नोकरीला होते. मान सरळ, हनुवटी जरा खाली, डोळे उघडे, हसू नका. पासपोर्टचा फोटो, रेशनकार्डाचा फोटो, लूमच्या गेटपासचा फोटो, बँकेच्या खात्याचा फोटो. सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत मी उभी असायची, आणि घरी गेल्यावर आई माझ्या पोटऱ्यांना तेल लावताना म्हणायची, "फोटो काढतेस की ओझी उचलतेस?"

मालकांना सगळे भाई म्हणत, म्हणून मीही म्हणायची. पन्नाशीचे, दम्यानं हैराण झालेले, मराठी सगळं समजणारे पण उत्तर हिंदीत देणारे. त्यांनी मला ठेवलं ते मुलगी म्हणून. गावातल्या कितीतरी बायकांना बुरखा वर करून फोटो द्यायचा तर समोर बाईच हवी असायची. त्या आल्या की भाई खुर्ची उचलून बाहेर फुटपाथवर जाऊन बसायचे आणि मी पडदा ओढून घ्यायची. पडद्यामागे एक स्टूल, एक पंखा, दोन छत्र्यांचे दिवे. कॅमेरा स्टुडिओचा, नवा डिजिटल. भाई त्याला लेकरासारखं जपायचे.

एकदा अशीच एक बाई आली. मोठ्या कुटुंबातली असावी, बाहेर तीन मुलं आणि सासू उभी. मी तिला स्टुलावर बसवलं, पंखा लावला, दिवा सरकवला आणि म्हटलं, "चेहरा इधर." ती म्हणाली, "आराम से करो. बैठने दो ना थोड़ा. घर में बैठने को कहाँ मिलता है." आणि तिनं डोळे मिटून घेतले. कॅमेऱ्यातून मला तो चेहरा दिसत होता. पासपोर्टला मिटलेले डोळे चालत नाहीत, म्हणून मी बटण दाबलं नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, मी फोटो काढला, ती गेली. फोटो चांगला आला होता, म्हणजे हवा तसा, निर्जीव.

त्यानंतर मला वाटायला लागलं की आपण दुसरे फोटो काढावेत. माणसाला विचारावं, तुला काय करावंसं वाटतं, आणि मग तेच करताना त्याचा फोटो काढावा, कितीही वेडगळ असलं तरी. सायबर कॅफेत मी परदेशातले असे फोटो बघितले होते. हवेत तरंगणारी मुलगी, वाळवंटात होडीत बसून पुस्तक वाचणारा म्हातारा. ते बघून डोक्यात नुसत्या कल्पना फिरायच्या. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगात एवढाच जीव उरायचा की जेवावं आणि आडवं व्हावं.

पहिला प्रयत्न धाकट्या बहिणीवर केला. तिला ढगावर झोपायचं होतं. ढग कुठून आणायचा हा प्रश्न भिवंडीत पडत नाही. वडील सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये कारकून होते, त्यांनी ओळखीच्या लूमवाल्याकडून कापसाच्या वेस्टची पोती आणून दिली. शुक्रवारी लूम बंद, स्टुडिओ बंद. आम्ही पोती गच्चीवर नेली, पांढरी चादर दोरीवर टांगली, कापूस पसरला, आणि बहीण हातात उघडी छत्री घेऊन त्यावर आडवी झाली. मी कठड्यावर चढून वरून फोटो घेणार होते. तेवढ्यात वारा सुटला. निम्मा ढग शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसला आणि उरलेला बहिणीच्या नाकातोंडात गेला. ती शिंकत सुटली. डोळे लाल झाले, हातांवर पुरळ उठलं. फोटो बघितले तर फाटक्या गादीवर कुणीतरी आजारी मुलगी पडलीय असं वाटत होतं.

आई शेजाऱ्यांच्या कपड्यांवरून कापूस वेचत म्हणाली, "हिचं लग्न जमवायचंय अजून. तोंड बिघडवून ठेवलंस तर?"

माझी कंबर भरून आली होती आणि पोती अजून खाली न्यायची होती.

आत्याची गोष्ट त्यानंतरची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अंजूरला मोठ्या काकांकडे राहायची. लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत नवरा खाडीत बुडून गेला, मूल नव्हतं, तेव्हा माहेरी आली ती कायमची. माझ्या लहानपणी ती भातशेतीत राबायची, खाडीवर जाऊन निवट्या, चिंबोऱ्या घेऊन यायची. पुढे शेत गेलं. त्यावर गोडाऊन उभी राहिली, काकांना भाडं सुरू झालं, दारात गाडी आली, हॉलमध्ये भिंतीएवढा सोफा आला. आत्याचं काम मात्र कमी झालं नाही. पूर्वी शेतावरची माणसं जेवायला असायची, आता काकांना भेटायला येणारी. पहाटे उठून भाकऱ्यांना बसायची. बसायची असं आपण म्हणतो, पण काकांनी नवीन किचन केलं होतं आणि त्यात ओटा होता, म्हणजे ती आता भाकऱ्याही उभ्यानंच करायची.

दिवाळीनंतर मी अंजूरला गेले होते. आत्या ओट्याशी उभी. मी तिला विचारलं, "आत्या, तुझा एक फोटो काढायचाय. तुला काय करावंसं वाटतं ते सांग. काहीही."

"मना काय करावासा वाटंल? भाकऱ्या करताय ना."

"ते नाही गं. मनातलं. अगदी वेड्यासारखं असलं तरी चालेल."

ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मना नुसता बसाचा हाय."

"कुठे?"

"अकलोलीला. गरम पान्यान पाय सोडून. पन दगडाव न्हाय, दगड टोचतान. मस्त खुर्ची टाकाची. चाय पियाची. आन् कोनी उठ न्हाय बोलला पायजे."

बोलून झाल्यावर तिलाच हसू आलं. पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "जा गो, काय पन विचारतंस."

पण मला ते लगेच दिसलं. थंडीतली सकाळ, वज्रेश्वरीजवळच्या त्या गरम पाण्याच्या कुंडातून वर येणारी वाफ, त्या वाफेत खुर्ची टाकून बसलेली आत्या, डोक्यावर छत्री, हातात कपबशी. मी आठवडाभर स्टुडिओत उभी राहून मनातल्या मनात तो फोटो काढत होते. खुर्ची कशी हवी, तर पांढरी. छत्री वडिलांची काळी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याला दवाखान्यातून मिळालेला तो मोठा हिरवा गॉगल, तोही हवाच. भाईंना कॅमेरा मागितला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे बघितलं.

"पानी में ले जाओगी?"

"पाण्याजवळ. पाण्यात नाही."

"गिराया तो मेरा दम इधर ही निकलेगा," असं म्हणून त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून दिला.

आत्या आदल्या दिवशी आमच्याकडे राहायला आली. काकूनं तिला सोडताना दोन दिवसांची भाजी चिरून घेतली होती म्हणे. शुक्रवारी सकाळी आम्ही स्टँडवर पोचलो. माझ्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, हातात आमच्या घरातली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. आत्याकडे छत्री, चहाचा थर्मास आणि कपबशी. गणेशपुरीची बस भरलेलीच आली. कंडक्टर दारातच म्हणाला, "ताई, खुर्ची कुठं? हे सामान टपावर."

"टपावरून पडली तर?"

"मग तिकीट काढा तिचं. बसणारा आयटम आहे."

बसमधले हसले. आत्या मात्र हसली नाही. तिनं खुर्ची माझ्या हातातून घेतली, वर चढली, मधल्या जागेत ड्रायव्हरच्या मागे ती मांडली आणि तिच्यावर बसून घेतलं. "हाफ तिकीट दे तिचा," ती कंडक्टरला म्हणाली. "लहान हाय अजून." कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि पुढे सरकला.

भिवंडी सुटल्यावरही आत्या त्या खुर्चीवर एखाद्या पुढाऱ्यासारखी बसली होती. रस्त्यात खड्डे असे की खुर्ची इकडून तिकडे सरकायची आणि ती शेजारच्या माणसाच्या खांद्याला धरायची. मी दांडा पकडून उभी होते. आदल्या दिवशी एका साखरपुड्याचे फोटो काढले होते, त्याचा शीण अजून पायांत होता. मला वाटत होतं, एक तास तरी तिला बसायला मिळतंय, सुरुवात चांगली झाली.

अंबाडीच्या अलीकडे एक पोटुशी बाई चढली. डोंगराकडच्या पाड्यावरची असावी, पायांत चप्पल नव्हती, दिवस भरत आले होते. कुणी उठलं नाही. आत्यानं तिच्याकडे बघितलं, आणि मला कळलं आता काय होणार. मी म्हटलंही, "आत्या, थांब, मी कुणाला तरी विचारते." तोवर ती उठली होती. "बस गो बाय," तिनं त्या बाईला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. मग पुढचा सगळा रस्ता आत्या स्वतःच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, खुर्ची सरकू नये म्हणून. ती बाई वज्रेश्वरीला उतरली. मान वळवून आत्याकडे बघून हसली तेवढंच. आम्ही पुढच्या थांब्याला अकलोलीला उतरलो.

उशीर झाला होता. बस वेळेवर आली असती तर वाफ मिळाली असती. आम्ही कुंडांपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि पाणी साध्या पाण्यासारखं दिसत होतं. एका कुंडात पुरुष आंघोळ करत होते, दुसऱ्यात बायका. मी खुर्ची टेकवली तोच तिथली व्यवस्था बघणारा माणूस आला.

"शूटिंग करायचं नाही इथं. परवानगी लागते."

"शूटिंग नाही हो. माझ्या आत्याचा फोटो काढतेय."

"खुर्चीवर?"

"हो."

"कुंडात?"

"हो."

त्यानं आत्याकडे बघितलं. तोपर्यंत तिनं गॉगल चढवला होता. "आजी कोण आहेत?" त्यानं जरा आवाज खाली आणून विचारलं. मला वाटतं, आत्या कुणी तरी नटी असावी असा त्याला संशय आला.

आत्या म्हणाली, "अंजूरची हाय मी. पाय दुखतान माजे."

तो हसला, पण कुंडात खुर्ची टाकू देईना. देवाचं पाणी आहे, लोक नावं ठेवतील म्हणाला. शेवटी त्यानंच सांगितलं की खाली नदीत जा, तिथंही पात्रात गरम झरे आहेत, तिथं कुणी अडवणार नाही. मग आम्ही दगडांवरून खाली उतरलो. आत्याचा हात धरायचा की कॅमेरा सांभाळायचा की खुर्ची, हे मला कळेना. घाम आला होता. फोटोची हौस कधीच संपली होती, आता फक्त आलोच आहोत म्हणून करायचं होतं.

नदीत पाणी घोट्याच्या वर होतं. एका जागी खालून गरम पाणी येत होतं, हात घातला तर सोसेल इतपत. मी तिथं खुर्ची ठेवली तर ती तरंगली आणि आडवी होऊन वाहायला लागली. पाण्यात पळत जाऊन धरली. चार दगड गोळा करून पायांपाशी लावले, तरी डगमगायची. आत्या बसली तेव्हा ती कशीबशी टेकली. मी छत्री उघडून तिच्या हातात दिली, थर्मासमधून चहा ओतून कपबशी दिली, आणि काठावर येऊन कॅमेरा डोळ्याला लावला.

काहीच जमेना. आत्या पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसली होती. मी म्हटलं, "हस जरा." ती दात दाखवायची. "कप तोंडाजवळ ने." ती नेऊन तिथंच धरून ठेवायची. "इकडे बघू नकोस." ती डोळे आढ्याकडे लावावेत तसे आभाळाकडे लावायची. काठावर बघे जमले. आंघोळ करून आलेले भाविक, त्यांच्या बायका. कुणी म्हणालं, "आजीबाईंना नवस असेल." कुणी विचारलं, "कुठल्या चॅनलवर दाखवणार?" छत्रीची सावली बरोबर चेहऱ्यावर पडत होती. छत्री मागे घे म्हटलं की कपातला चहा सांडायचा. मी बटण दाबत होते, बघत होते आणि पुसून टाकत होते. माझा आवाज चढायला लागला होता.

"आत्या, जरा नीट बस ना!"

"नीट म्हंजी कशी?" ती म्हणाली. "तू सांगतंस तशीच बसलेय."

मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या बाईला कुणी उठ म्हणू नये एवढंच हवं होतं, तिला मी नीट बस म्हणत होते. मी म्हटलं, "बरं, आता काही करू नकोस. चहा पी." आणि कॅमेरा मांडीवर घेऊन एका दगडावर बसले.

बघे कंटाळून पांगले. आत्यानं बशीत चहा ओतून फुंकून प्यायला. बशीत शेवटचा थेंब राहिला तो पाण्यात टाकला. साडीचा काष्टा गुडघ्यांपर्यंत वर घेतला, पाय लांब केले. पलीकडे कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. मी माझ्या चपला काढून पाय पाण्यात सोडले. किती दिवसांनी ते पाय माझे असल्यासारखे वाटले.

मी वर बघितलं तेव्हा आत्या झोपली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, गॉगल नाकावर घसरलेला. एका हातातली छत्री खांद्यावर टेकून मागे गेली होती आणि कपबशी पोटावर, दुसऱ्या हाताखाली. पाणी खुर्चीच्या चारी पायांभोवती वळून जात होतं. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर सतत काहीतरी असायचं, गॅसकडे लक्ष, दाराकडे लक्ष, कुणाला काय वाढायचं याचं लक्ष. आता काही नव्हतं.

मी दगडावर बसूनच फोटो काढला. आणखी काढले, पण पहिलाच खरा होता हे मला तेव्हाच कळलं.

तिला मी उठवलं नाही. परतीची बस गेली ती वरच्या रस्त्यानं जाताना ऐकू आली. दुसरी कधी होती ते माहीत नव्हतं. मीही दगडाला पाठ टेकली. उन्हं फिरल्यावर ती आपोआप जागी झाली, गॉगल सरळ केला आणि घाबरून म्हणाली, "बाय माजे, भाकऱ्या!" मग कुठं आहोत ते तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा मागे टेकली.

भाईंनी सोमवारी कॉम्प्युटरवर तो फोटो बघितला. बराच वेळ बघितला. "ये कौन है?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, खोकले, आणि म्हणाले, "इनको किसी ने हिलाया नहीं, अच्छा किया." त्यांना तो मोठा करून बाहेरच्या काचेत लावायचा होता. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही.

पुढच्या शुक्रवारी छोटी प्रत घेऊन अंजूरला गेले. आत्यानं हात पुसून फोटो घेतला, उजेडाकडे नेला. "तोंड उघडा हाय माजा," म्हणाली. मग तिनं बोट फोटोतल्या स्वतःच्या पायांवरून, खुर्चीवरून, पाण्यावरून फिरवलं. "लाव तुजे दुकानान," म्हणाली. "बघूंदे."

फोटो काचेत लागला. एका बाजूला नवरा-नवरी, एका बाजूला पाळण्यातलं बाळ, मध्ये आत्या. लोक थांबायचे. स्टँडकडे जाणारे लूमवाले शिफ्ट सुटल्यावर उभे राहून बघायचे आणि हसायचे, पण वाईट नाही. एक जण काचेला कपाळ टेकवून म्हणाला, "अपने को भी ऐसा ही सोना है यार."

आणि मग माझा चुलतभाऊ आला. मोठ्या काकांचा मुलगा. गाडी दारातच उभी केली, आत आला, भाईंना नमस्कार वगैरे काही नाही. "तो फोटो काढ," मला म्हणाला. "मार्केटला सगळे मला विचारतात, तुमची आत्या नदीत कशाला झोपलीय. घरात जागा नाही का म्हणून विचारतात."

मी म्हटलं, "आत्याला विचारून लावलाय."

"आत्याला काय कळतं? संध्याकाळी घरी ये. पप्पांनी बोलावलंय."

दिवसभर उभी राहून मी संध्याकाळी रिक्षानं अंजूरला गेले. वडीलही आले होते, ते दाराजवळ बसले होते. काका सोफ्यावर, शेजारी चुलतभाऊ, समोर काकू. आत्या आत चहा करत होती. काका ओरडले नाहीत, त्यांची ती पद्धत नव्हती. समजावल्यासारखं म्हणाले, "बाळा, तुझी कला वगैरे ठीक आहे. पण लोक काय समजतील? एवढा मोठा सोफा घरात असताना आमची बहीण पाण्यात खुर्ची टाकून झोपते?"

आत्या ट्रे घेऊन आली होती. सगळ्यांना चहा दिला. रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सोफ्याव कवा बसलेय मी?"

आवाज चढवून म्हणाली नाही. खरंच विचारत होती, जणू एखादी वेळ कुणाला आठवत असली तर सांगावी. चुलतभाऊ मोबाईल बघायला लागला. काकू म्हणाली, "बसू नको असं कुणी सांगितलंय का?" आत्या म्हणाली, "न्हाय. सांगला न्हाय कोनी." आणि कप गोळा करायला अजून वेळ होता म्हणून आत गेली. वडील खाली मान घालून चहा पीत राहिले. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. ते रिक्षात बसल्यावर बोलले. म्हणाले, "फोटो चांगला आहे."

फोटो काचेतून काढावा लागला. मोठ्या काकांचा शब्द वडिलांना मोडवेना, आणि वडिलांना अवघडलेलं बघवत नव्हतं म्हणून मीच भाईंना सांगितलं. भाईंनी त्या जागी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो लावला. मी पुन्हा लोकांना सांगायला लागले, मान सरळ, हनुवटी खाली. अकलोलीच्या फोटोनं काही बदललं असं म्हणायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. आत्या सोफ्यावर बसायला लागली असंही नाही. काकूनं ओट्याशेजारी एक स्टूल ठेवलं एवढं झालं, आणि आत्या त्यावर पिठाचा डबा ठेवायची.

मोठी प्रत आत्यानं मागून घेतली. काकांच्या घरात ती लागली नाही, पण आत्या ती पिशवीत घालून गावभर फिरवत होती, हे मला उशिरा कळलं. भजनाला गेली की पिशवी, लग्नाच्या हळदीला गेली की पिशवी. बायका बघायच्या, हसायच्या, पुन्हा बघायच्या.

उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी लाईट जायची तेव्हा स्टुडिओत आम्ही शटर अर्धं ओढून नुसतं बसायचो. अशाच एका दुपारी आत्या शटरखालून वाकून आत आली. तिच्यामागे तिच्याच वयाची एक बाई, अंजूरचीच, काळीसावळी, हातात मासळीची रिकामी टोपली. दोघी रिक्षानं बाजाराला आल्या होत्या.

"हिचा पन फोटो काराचा हाय," आत्या म्हणाली. "सांग गो."

ती बाई लाजली. टोपली या हातातून त्या हातात केली. मग म्हणाली, "आमचे शेतान गोडाऊन झालंय. तिथं त्ये लांब कंटेनर येतान. मना त्याचे डायवरचे जाग्याव बसाचा हाय."

मला ताप होता त्या दिवशी. शुक्रवारी झोपून राहायचं ठरवलं होतं. मी भाईंकडे बघितलं. ते वहीनं वारा घेत बसले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि टॉवेल शोधायला लागले.

शुक्रवारी आम्ही गोडाऊनवर गेलो. एका कंटेनरचा ड्रायव्हर झाडाखाली जेवत होता, पंजाबकडचा. त्याला समजवायला माझं हिंदी कमी पडलं, आत्याचं तर नव्हतंच. पण त्या बाईनं आणलेलं सुकटीचं कालवण त्याच्या रोटीवर पडलं आणि तो कबूल झाला. किल्ली मात्र त्यानं खिशात ठेवली. बाईला चढवायला दोघांनी धरावं लागलं. पायऱ्या उंच, साडीचा काष्टा घट्ट. वर पोचल्यावर ती सीटवर बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघायला लागली. समोर तिचं पूर्वीचं शेत होतं, म्हणजे पत्र्यांची रांग.

मी खाली उभी राहून कॅमेरा लावला. ऊन डोळ्यांवर येत होतं, डोकं ठणकत होतं. ड्रायव्हर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, काळजीनं. "माताजी को बोलो, कुछ दबाना नहीं."

आत्या खालून ओरडली, "काय पन दाबू नको!"

ती बाई म्हणाली, "न्हाय, न्हाय," आणि तिनं हॉर्नवर तळहात ठेवून सगळं वजन टाकलं.